हरेश्वरदादांची वाढती पट्टी

माझ्या गोष्टींत बारा आणे खरं असतं आणि चार आणे चांगलं असतं, हे विरारपासून वसईपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. हरेश्वरदादांची गोष्ट सांगताना ते चार आणे मी सुरुवातीलाच खर्च करून टाकतो. पुढे त्यांचा उपयोग व्हायचा नाही.

तर आधी दादांचा आवाज. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांची वाडी. केळी, नारळ, कडेला मोगरा. तिथून दादांनी गड्याला हाक मारली की समुद्रातल्या होड्या अर्ध्या वाटेवरून परत फिरत. उंची अशी की नारळ काढायला शिडी लागायची ती फक्त पाहुण्यांना. फोर्टातल्या एका विमा कंपनीत नोकरी करता करता साहेब झाले, आणि कंपनीने माणसं कमी करायची योजना आणली तेव्हा पहिला अर्ज यांचा. निरोपाच्या दिवशी चांदीचा गणपती मिळाला. दादांनी तो कपाळाला लावला आणि भर सभेत विचारलं, "याच्याऐवजी माझ्या टेबलावरचं कॉम्प्युटरचं मशीन नेलं तर चालेल का?" चाललं नाही. म्हणून ते माझ्याकडे आले.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात माझा कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि सुटे भाग आणून मशिनं जोडूनही द्यायचो. दादा दारातून वाकून आत आले, सगळ्या पोरांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "मास्तर, मला टायपिंग नको, गेम नको, इंटरनेट तर फुकट दिलंत तरी नको. मला शीट पाहिजे. चौकोन दिसले पाहिजेत आणि बेरीज झाली पाहिजे. शीट उघडेपर्यंत चहा गार झाला तर मशीन परत."

मशीन परत आलं नाही. माजघरात, देवाच्या कोनाड्याशेजारी बसलं. त्याच्यावर दादांच्या लग्नातला शेला घालायचे. दादा तो शेला रोज सकाळी असा उचलायचे की आत नवरी असावी.

मी दुरुस्तीच्या निमित्ताने वरचेवर जायचो. तेव्हा आमच्या पूर्वेला इमारतींवर इमारती उठत होत्या आणि त्यांच्या टाक्या भरायला टँकर पश्चिमेकडच्या विहिरींवर रांगा लावायचे. मी राहायचो त्याही इमारतीत तेच पाणी. दादा यावरून कधी भांडले नाहीत. फक्त चहा पुढे करताना विचारायचे, "मास्तर, पाणी ओळखीचं लागतंय का?"

आता त्यांचं वेड. शीटमध्ये बेरीज करायची तर सूत्राला सांगावं लागतं की अमुक ओळीपासून तमुक ओळीपर्यंतच बघ. ही झाली रेंज. दादा तिला पट्टी म्हणायचे. सगळं जग ती एकदाच आखून मोकळं होतं, आणि खाली नवी ओळ भरली की तिच्याकडे सूत्राचं लक्षच जात नाही. दादांना हे पाप वाटायचं. "बांधून ठेवलेली पट्टी म्हणजे खुंट्याला बांधलेली म्हैस. पलीकडे हिरवं रान असलं तरी ही उपाशीच मरणार." त्यांची पट्टी मोकळी. वर कोपऱ्यात एक घर ते पिवळं रंगवायचे. त्या पिवळ्या घरात सात लिहा, सूत्र शेवटच्या सात ओळींकडे बघणार. तीस लिहा, तीस ओळींकडे. आणि शेवट कुठे आहे हे सूत्र आपलं आपण शोधणार: रकान्यात भरलेली घरं किती ते मोजायचं, तेवढं खाली उतरायचं, तिथून उलटं वर यायचं. रोज नवा आकडा भरा, पट्टी एक घर खाली सरकलीच. हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी तोंड उघडं टाकलं तेव्हाच त्यांनी दुसरा चहा सांगितला.

त्यांच्या पुतणीच्या लग्नात पंगतींची शीट त्यांनीच केली होती. पिवळ्या घरात पाहुण्यांचा आकडा टाकला की खाली पंगती आपोआप वाढायच्या, कोण वाढपी कुठे उभा राहणार, श्रीखंडाची पातेली कुठली कुठे, सगळं. आचाऱ्याला मजा वाटली. दादांची पाठ वळल्यावर त्याने आकड्याला दोन शून्यं जोडली आणि छापायचं बटण दाबलं. छपाईयंत्र करकर करत सुटलं. कागद माजघरातून पडवीत, पडवीतून अंगणात, अंगणातून केळीत. मी बघितलं तेव्हा त्याचं टोक विहिरीच्या काठावर पोचलं होतं आणि आत डोकावत होतं. मांडव हसून लोळला. दादा हसले नाहीत. त्यांनी पिवळ्या घरावर बोट ठेवलं आणि आचाऱ्याला हळू आवाजात, त्यांच्या मानाने हळू, म्हटलं, "याच्यात जे लिहिलंस ते खालच्या सगळ्यांनी खरं मानलं. एकानेही विचारलं नाही. याची भीती वाटू दे तुला."

इथे माझे चार आणे संपले.

समुद्र दोन वाटांनी येतो. वरून आला तर लोक पळतात. खालून आला तर कोणाला पत्ता लागत नाही. विहिरीतून गोडं पाणी अति उपसलं की त्याची जागा घ्यायला खारं पाणी जमिनीखालून सरकतं. एका वर्षी टँकरवाल्यांना गावाने हाकललं, पण उशीर झाला होता. दिवाळीनंतर किनाऱ्याकडच्या एक-दोन विहिरींचं पाणी जिभेला चरचरायला लागलं. देवळात सभा झाली. सगळे एकदम बोलत होते, मग दादा बोलले, आणि अर्थातच बाकीचे ऐकू येईनासे झाले.

त्यांनी नियम बांधून दिला. खारटपणा मोजणारं पेनासारखं यंत्र आणायचं. ज्याने त्याने रोज सकाळी आपल्या विहिरीचा आकडा घ्यायचा आणि दादांना सांगायचा. प्रत्येक विहिरीच्या शेवटच्या पंधरा आकड्यांची सरासरी शीट काढणार. ती ठरवून दिलेल्या रेषेच्या वर गेली की त्या विहिरीचं घर लाल. लाल झालं की तिची मोटर बंद, विहिरीला विश्रांती, आणि तिच्या वाडीला शेजारच्यांनी आळीपाळीने पाणी द्यायचं. लाल झाल्याशिवाय मात्र कोणी कोणाकडे पाणी मागायचं नाही.

"आणि एखाद्या दिवशीच आकडा चढला तर?" कोणीतरी विचारलं.

"एका आकड्यावर मी बोलत नाही," दादा म्हणाले. "मी ओळ बघत नसतो. पट्टी बघतो."

त्यांचं हे खरंही ठरलं. पलीकडच्या वाडीतल्या पेद्रूमामांनी एका सकाळी असा आकडा आणला की आळीत रडारड सुरू झाली. समुद्र आला, केळी उपटा! दादा उठले, पेद्रूमामांच्या बादलीला नाक लावलं आणि गर्जले, "पेद्रू, काल हिच्यात बोंबील धुतलेस का?"

"धुतले तर?" मामा म्हणाले. "बादली काय देवाघरची हाय?"

शीटवर सरासरी जागची हलली नव्हती. त्या दिवसापासून गावाने घाबरायचं सोडलं. घाबरायचं काम शीटकडे दिलं.

आणखी एक गोष्ट दादांनी ठरवली होती, आणि ती ऐकून मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. घरात मयत झालं की तेरा दिवस त्या घरच्यांना आकडा मागायचा नाही. सुतकातल्या माणसाला विहिरीवर यंत्र घेऊन उभं करायचं नाही, आणि शेजाऱ्यानेही परस्पर जाऊन मोजायचं नाही. ते दिवस रकान्यात कोरे राहणार. मी व्यवहारी माणूस. म्हटलं, "दादा, आदल्या दिवसाचाच आकडा पुढे ओढा ना. कोरं बरं दिसत नाही."

दादांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा चहा खरंच गार झाला. "मास्तर, ज्या दिवशी त्या घरात कोणी पाणी मोजलं नाही, त्या दिवसाचा आकडा मी माझ्या हाताने बनवू? कोरं राहू दे. माणूस गेलं तेवढी जागा तरी राहू दे."

सगळ्यात समुद्राकडची वाडी बाळूची. बाळू म्हणजे दादांचा लहानपणचा दोस्त. दादांच्या अर्ध्या उंचीचा आणि पाव आवाजाचा. त्याच्याकडे पानवेली होत्या. पानवेल म्हणजे लाडावलेलं लेकरू. सावली हवी, ओल हवी, आणि पाणी मिठाचं निघालं तर ती बोलून दाखवत नाही, कडेकडेने जळत जाते. पौषात बाळूची आई गेली. दादांनी तेरा घरं कोरी सोडली. मग फाल्गुन संपता संपता, एका सकाळी विहिरीचा आकडा घेऊन बाळू स्वतः दादांकडे आला, आकडा सांगितला, अर्धा कप चहा घेतला, घरी गेला आणि ओटीवर बसल्या जागी गेला. दादांनी पुन्हा तेरा घरं कोरी सोडली. त्या दिवसांत मी दादांकडे गेलो होतो. बाकीच्यांचे आकडे भरण्यापुरता सोडला तर शेला उचलायलाही ते तयार नव्हते. शेजारच्या वाडीतला बाळूचा आवाज कसा होता हे सांगायला त्यांचा स्वतःचा आवाज पुरत नव्हता.

बाळूच्या मागे राहिली त्याची बायको सुमनवहिनी, एक मुलगी सासरी, आणि वेली. तेराव्यानंतर वहिनी स्वतः यंत्र घेऊन विहिरीवर उतरायला लागल्या. रोज सकाळी येऊन दाराबाहेरून आकडा सांगायच्या, दादा भरायचे. चार-पाच दिवसांनी त्या आकडा सांगून तिथेच उभ्या राहिल्या.

"भावजी, पानी खारं लागतंय."

"आकडा थोडा चढलाय, वहिनी. पण सरासरी ठीक आहे."

"पानांच्या कडा करपल्यात."

"उन्हं बघा ना कसली पडलीत."

"ऊन वरून लागतं, भावजी. ह्या कडा बुडापासनं जळतायत."

दादांनी त्यांना बसवलं, शीट दाखवली. बाळूच्या विहिरीचं घर हिरवं होतं. हिरवंगार. वहिनींनी मान हलवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशीही. पेद्रूमामा मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "सुमनला मी पानी देतो बोललो. तर ती बोलते, लाल झालं नाय, मी कसं मागू? मेलं ते लाल!" अख्खं गाव नियमाने बांधलेलं होतं आणि नियम दादांनी बांधला होता. वहिनी दिवसा मोटर चालवत होत्या, कारण न चालवली तर वेली वाळणार. आणि मोटर चालली की विहिरीत अजून खारं पाणी येणार. कोणत्याही वाटेने गेलं तरी वेली मरणार, आणि शीट म्हणत होती की सगळं गोड आहे.

ज्या दिवशी ते उघडं पडलं त्या दिवशी मी तिथेच होतो, दादांचा माउस बदलायला गेलो होतो. टळटळीत दुपार. वहिनी आल्या त्या पदरात पानं घेऊन. ती पानं त्यांनी कीबोर्डवर ठेवली. पानं कडेला काळी, मध्ये पिवळी. हात लावला तर पापडासारखी मोडत होती.

"आता सांगा," वहिनी म्हणाल्या.

दादांना रागच आला. वहिनींचा नव्हे, पानांचा. "वहिनी, तुमचा सरासरीवर विश्वास नाही ना? मग सरासरी सोडू. मी पिवळ्या घरात एक लिहितो. एक म्हणजे शेवटचा एकच आकडा. आज सकाळी तुम्ही सांगितलात तोच. तो तरी मानाल?" त्यांनी पंधरा पुसला, एक लिहिला, आणि बटण दाबलं.

आकडा आला.

वहिनी पडद्याजवळ आल्या. मग अजून जवळ आल्या. "हा माझा नाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी सकाळी सांगितलेला ह्याच्या दुप्पट होता. हा..." त्यांनी पडद्याला बोट लावलं नाही, जवळ नेऊन थांबवलं. "हा ह्यांचा हाय. त्या सकाळचा. जाताना मला बोलून गेले होते, सुमे, आज एवढा आलाय, हरीला सांगून येतो."

माजघरात पंखा फिरत होता तो ऐकू यायला लागला. दादांच्या घरात पंख्याचा आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता.

दादा एकेक ओळ खाली उतरत गेले. पहिल्यांदाच ते पट्टी सोडून ओळी बघत होते. बाळूच्या त्या सकाळच्या आकड्याखाली तेरा कोरी घरं. त्यांच्याखाली वहिनींचे आकडे, रोज चढत गेलेले, शेवटचा सगळ्यात मोठा. दादांनीच स्वतःच्या हाताने भरलेले. आणि सूत्र तिथपर्यंत पोचतच नव्हतं. भरलेली घरं मोजून तेवढं खाली उतरायचं, असं त्याला सांगितलं होतं. कोऱ्या घरांना ते मोजत नव्हतं. आईची तेरा, बाळूची तेरा, तेवढी घरं अलीकडेच ते थांबत होतं आणि तिथल्यालाच शेवट समजत होतं. त्या घरात एक माणूस गेलं की शीट तेरा दिवस मागे सरकत होती. जी विहीर आम्ही रोज हिरवी बघत होतो ती बाळू जिवंत असतानाची होती.

दादांनी ते दोन वाक्यांत समजावून सांगितलं, मला नव्हे, वहिनींना. आवाज इतका खाली की मी दाराशी होतो, मला अर्धंच ऐकू आलं. वहिनींनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "भावजी, तुम्ही त्यांच्यासाठी जागा सोडलीत. तिच्यात मी पडले." एवढंच. पानं गोळा केली, पदरात घेतली आणि गेल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी देवळात दादांनी सगळ्यांना बोलावलं. सूत्र दुरुस्त केलं होतं, वहिनींचं घर लाल झालं होतं, इतकं लाल की ते लाल नसून काळंच आहे असं मला वाटलं. दादा म्हणाले, "चूक माझी आहे. पाळी लावायची नाही. तिची वाडी उद्यापासून मी एकटा भिजवणार." लोकांनी समजावलं. पेद्रूमामा तर चिडले, "अरे हरी, तुझ्या एका विहिरीच्यानं दोन वाड्या भिजतील? खुळा का तू?" दादांनी ऐकलं नाही. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याला बोलू दिलं नाही त्याला ऐकायची सवय कुठून असणार?

दोनशे फूट पाइप टाकला. दिवसभर त्यांची मोटर चालू. आधी वहिनींच्या वेली, मग स्वतःची केळी, मग केळीकडे बघायचं सोडलं. वहिनींच्या अर्ध्याहून जास्त वेली गेल्याच. दादांच्या विहिरीकडच्या बाजूच्या उरल्या, त्यांना पावसाळ्यात नवी पानं आली. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

मी पुढच्या वैशाखात गेलो तेव्हा शीटचं काही काम नव्हतं. सहज गेलो. माजघरात मशीन शेल्याखाली होतं, शेल्यावर धूळ. दादांच्या केळींची पानं कडेकडेने तपकिरी झालेली. मागे वाडीत मोटरचा घरघराट चालू होता. पाइप गवतातून सापासारखा वहिनींच्या वाडीकडे गेला होता आणि त्याच्या तोंडातून पाणी वेलींच्या बुडाशी पडत होतं. दादा विहिरीच्या काठावर अनवाणी उभे होते. वाकले नव्हते, तरी आता त्यांचा हात नारळाला पोचला नसता. वहिनी पलीकडे, हातात काढलेली पानं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "काल रात्रीपासनं पानं गळतायत. तुमच्या विहिरीचं मोजलंत का?"

"मोजायचं काय त्यात," दादा म्हणाले. त्यांनी बादली वर ओढली, ओंजळ भरली आणि प्यायले. पूर्ण. तोंडावरची एक शीर हलली नाही. पाण्याचा थेंब मिशीवर राहिला होता, तोही त्यांनी चाटला.

"कसं हाय?"

"गोड."

बादलीत मीही हात घातला. तोंडात घेतलं आणि थुंकलो. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वेलींकडे वळवली. वहिनींनी आम्हा दोघांकडे बघितलं. मग पानं खाली ठेवून त्या मोटरपाशी गेल्या, आणि दादा "वहिनी, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी बटण खाली ओढलं.

पाइप एकदा फुरफुरला आणि शांत झाला. मागून समुद्राचा आवाज आला, इतका जवळ की आम्ही तिघांनी एकदम वळून बघितलं. मागे फक्त केळी होत्या.